दोराचे दुसरे टोक कुणाच्या हातात?



गेल्या खेपेला या सदरात आपण प्रॉव्हिडंट फंडाच्या हिशेबाविषयी बोललो. या वेळी रेशनकार्डाविषयी लिहायचे ठरवले होते. पण मध्येच एक प्रसंग घडला आणि विषय बदलावा लागला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या पाथर्लीकडच्या विहारात वंदना झाली. खीरदान झाले, पातेली घासून झाली, माणसे पांगली. एक ताई मात्र दाराशी घुटमळत राहिली. कडेवर लहान लेकरू. मी चपला घालत होतो, तशी ती पुढे आली आणि म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? आमच्या ह्यांना ठेकेदाराने आता टाक्या साफ करायच्या गँगमध्ये घेतलंय. एमआयडीसीत कुठं कुठं जावं लागतं. रोजाला दोनशे रुपये जास्त मिळतात. मी म्हटलं, धोका असतो ना. तर म्हणतात, कंबरेला दोर असतो, तू काळजी करू नको. दोर असला म्हणजे झालं का हो?"

मला उत्तर माहीत नव्हते असे नाही. पण कडेवरच्या लेकराकडे बघून ते तोंडातून निघेना. मी एवढेच म्हटले, "ताई, आज घरी गेल्यावर त्यांना एकच विचार. दोराचं एक टोक तुमच्या कंबरेला असतं. दुसरं टोक कुणाच्या हातात असतं? आणि ते काय म्हणतात ते मला येत्या रविवारी सांग."

हा प्रश्न माझ्या मनात कुठून आला, ते आधी सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी फेज एकमधल्या एका रंगाच्या कारखान्यात हेल्पर होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, तो कारखाना आता बंद पडला आहे. मागच्या अंगाला सांडपाण्याचा एक खोल हौद होता. त्याचा पंप तुंबला. सुपरवायझर म्हणाला, "कंबरभर तर गाळ आहे, उतर आणि काढ." मी शिडीवर पाय ठेवला. एवढ्यात आमच्यातल्या एका वयस्कर मिस्त्रीने माझी कॉलर धरून मला मागे ओढले. मी म्हटले, "मिस्त्री, आता वास पण येत नाही." ते म्हणाले, "मघाशी येत होता ना? मग गेला कुठं? वास गेला की तुझं नाक गेलं?"

सुपरवायझर दोघांवरही ओरडला. दोघांची अर्धी हजेरी कापली. मी दोन दिवस मिस्त्रींवर चिडून होतो. त्या अर्ध्या दिवसाच्या पैशात घरात बाजार आला असता. त्यांच्या बोलण्यामागचे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी हौदात काहीच घडले नाही, म्हणून त्याची कुठे नोंद नाही. टळलेल्या मरणाची बातमी पेपरात येत नसते. येते ती दुसऱ्या प्रकारची.

आपल्याच गावातल्या गोष्टी

ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीत खंबाळपाडा भागात सांडपाण्याच्या चेंबरमध्ये तीन कामगार गुदमरून मेले. त्या बातमीची शाई वाळली नव्हती, तोच १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला नेतिवली-चक्कीनाका भागातल्या एका विहिरीने पाच जीव घेतले. विहिरीच्या सफाईसाठी एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला वस्तीतले आणखी दोघे उतरले. तेही वर आले नाहीत. मग अग्निशमन दल आले. त्यातले दोन जवान उतरले आणि त्या दोघांचाही त्यात अंत झाला. दुसऱ्याला वाचवण्याचीच ज्यांची नोकरी, त्यांनासुद्धा त्या विहिरीने सोडले नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका मोठ्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत तीन सफाई कामगार गेले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत सेप्टिक टँकमध्ये तिघे गेले. कुठे गटार, कुठे विहीर, कुठे टॉवरवाल्यांची टाकी. जागा वेगळ्या, पण घटना एकच. एक जण उतरतो, खाली कोसळतो. त्याला बघून दुसरा उतरतो, मग तिसरा.

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ मध्ये अशा दुर्घटनांचा अभ्यास करून एक इशारा काढला होता. बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे शंभरात साठाहून अधिक माणसे वाचवायला गेलेली होती. म्हणजे अडकलेल्यापेक्षा धावून गेलेलेच जास्त मेले. हे वाक्य आपल्या वस्तीत तर पाठच करून ठेवले पाहिजे. कारण आपल्या माणसाचा स्वभाव असा की शेजारी हाक आली की आपण चप्पल घालायलासुद्धा थांबत नाही. मजुरीला जाताना भाऊ-भाऊ, मामा-भाचे, बाप-लेक एकाच गँगमध्ये असतात. भाऊ खाली तडफडताना वर उभे राहणे कुणाला जमेल? म्हणून ती वेळ यायच्या आधीच काय करायचे ते ठरले पाहिजे.

वास गेला म्हणजे वायू गेला नव्हे

बंदिस्त जागा म्हणजे जिथे माणूस शिरू शकतो, पण तोंड लहान असते, हवा खेळत नाही आणि जी माणसाने रोज काम करण्यासाठी बांधलेली नसते अशी जागा. गटाराचा चेंबर, सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीखालची टाकी, कारखान्यातला रिअॅक्टर, बॉयलरचा ड्रम, ईटीपीचा हौद, जुनी विहीर हे सगळे त्यात येते.

आपण श्वासात घेतो त्या हवेत शंभरात जवळपास २१ भाग प्राणवायू असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला तर आत जायचे नाही, असा दंडक आहे. दहाच्या आसपास आला तर माणूस बेशुद्ध होतो. त्याहूनही खाली गेला तर दोन-चार श्वासांत खेळ संपतो. धाप लागत नाही, ओरडायला वेळ मिळत नाही. पायातले बळ गेल्यासारखे होऊन माणूस खाली बसतो. वर उभ्या असलेल्यांना वाटते, चक्कर आली असेल.

प्राणवायू कमी कशाने होतो? गाळ कुजताना तो खाऊन टाकतो. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद राहिली की आतून गंजते. गंज चढतानाही प्राणवायू खर्च होतो. म्हणून जी टाकी आतून स्वच्छ, कोरडी आणि रिकामी दिसते, तीसुद्धा जीव घेऊ शकते. विहिरीत डिझेलचा पंप उतरवून चालवला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. त्याला रंग नाही, वास नाही.

आणि सगळ्यात कपटी तो हायड्रोजन सल्फाइड. गटारात, मैल्यात, कापड रंगवण्याच्या सांडपाण्याच्या गाळात तो तयार होतो. हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. गाळ शांत असेपर्यंत तो त्यातच दबलेला असतो. फावडे मारले, पाय पडला की बुडबुडे फुटून बाहेर येतो. गंधकाचा अंश असलेल्या गाळात कुणी अॅसिड ओतले तर तो एकदम मोठ्या प्रमाणात सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की थोड्याच वेळात नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. माणसाला वाटते हवा साफ झाली. प्रत्यक्षात विष वाढलेले असते. पाचशेच्या पुढे गेला तर काही मिनिटांत माणूस कोसळतो. हजाराच्या घरात तर एक-दोन श्वास पुरतात. आमचे मिस्त्री शाळा शिकलेले नव्हते, पण "वास गेला कुठं?" हा त्यांचा प्रश्न पक्का शास्त्रीय होता.

यावरून आपल्यात रूढ असलेल्या काही समजुती तपासून घेऊ. ओला रुमाल नाकाला बांधणे हा उपाय नव्हे. त्याने वायू अडत नाही. साधा मास्क किंवा डबी लावलेला मास्कही पुरत नाही, कारण तो फार तर हवा गाळतो, हवेत नसलेला प्राणवायू आणत नाही. पेटती काडी किंवा मेणबत्ती खाली सोडून बघणे तर महाधोक्याचे. आत मिथेनसारखा पेटणारा वायू असेल तर स्फोट होतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचे जीवघेणे प्रमाण ज्योतीला कळत नाही. सिलिंडरमधला प्राणवायू टाकीत सोडणेही चुकीचे. जास्त झालेल्या प्राणवायूत एका ठिणगीने कपडे पेटतात. आणि एक गोष्ट घरच्या माणसासारखी सांगतो. घाण सहन व्हावी म्हणून उतरण्याआधी दारू घेण्याची पद्धत आहे. ज्याच्यावर ती पाळी आली त्याला नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. पण दारूने आधीच मंद झालेल्या माणसाला वायूने येणारी गुंगी ओळखता येत नाही. वर दोर धरणाराही प्यायलेला असेल तर मग सगळेच संपले.

तहान लागल्यावर विहीर खणू नये

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. आता डोंबिवलीच्या रस्त्यांचा हिशेब करा. घरडा सर्कल, मानपाडा रोड, संध्याकाळची सुटलेली शिफ्ट. अग्निशमनची गाडी कितीही जोरात निघाली तरी चार मिनिटांत पोहोचेल, याची हमी कोण देईल? १०१ नंबर फिरवणे जरूर आहेच, पण "काही झाले तर फायर ब्रिगेडला बोलावू" ही योजना होत नाही. सुटकेचे साधन आणि ते चालवणारी माणसे टाकीच्या तोंडाशी आधीच उभी असली पाहिजेत. तशी ती नसतील तर आत उतरायचेच नाही, हा पहिला नियम.

काम नीट होते तेव्हा कसे होते, ते क्रमाने सांगतो.

आधी विचारायचे, माणूस उतरवण्याची गरज आहे का? जेटिंगची गाडी, सक्शनची गाडी, लांब दांड्याचा फावडा यांनी भागत असेल तर माणूस उतरवू नये.

उतरावेच लागणार असेल तर लेखी परमिट निघाले पाहिजे. कोणती टाकी, किती ते किती वाजेपर्यंत, कोण आत, कोण बाहेर, कुणी तपासले, सही कुणाची. तोंडी हुकमावर कुणी उतरू नये.

मग टाकीत येणारे सगळे पाइप बंद करून व्हॉल्व्हला कुलूप घालायचे. नुसता कॉक फिरवून भागत नाही. ढवळणीची, पंपाची वीज तोडून तिथेही कुलूप लावायचे आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. आत माणूस असताना कुणीतरी पलीकडून स्विच दाबला, असे पुष्कळदा घडले आहे.

झाकणे उघडून ब्लोअरने ताजी हवा आत सोडायची आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही.

मग गॅस डिटेक्टर दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी तपासणी करायची. मिथेन हलका, तो वर असतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो खाली असतो. आधी प्राणवायू, मग पेटणारा वायू, मग विषारी वायू असा क्रम. आत गेल्यावरही ते यंत्र माणसाच्या अंगावर चालू राहिले पाहिजे, कारण गाळ हलवला की हवा बदलते.

आतला दिवा २४ व्होल्टच्या वरचा नको.

आणि आता दोर. आपल्या ताईच्या घरी ज्यावर भरवसा आहे तो कंबरेचा दोर. बेशुद्ध माणूस पाण्याने भरलेल्या पोत्यासारखा ढिला पडतो. कंबरेला बांधलेल्या दोराने त्याला ओढले तर तो मध्ये घडी होऊन दुमडतो आणि दीड-दोन फुटांच्या तोंडात अडकतो. साठ-सत्तर किलोचे ओझे सरळ वर उचलणे दोघातिघांनाही जमत नाही. म्हणून खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा अंगभर हार्नेस पाहिजे. त्याचा दोर पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये अडकवलेला पाहिजे, म्हणजे माणूस उभाच्या उभा वर येतो. टाकीच्या तोंडावर तिपाई आणि तिला हाताने फिरवायची चरखी पाहिजे. मग एकटा माणूससुद्धा खालच्याला वर घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला आत जावे लागत नाही.

दोराचे दुसरे टोक ज्याच्या हाती, तो माणूस हा या सगळ्या कामाचा कणा. त्याने जागा सोडायची नाही, चहाला जायचे नाही, फोन बघत बसायचे नाही. आतल्याशी सारखे बोलत राहायचे. उत्तर आले नाही की चरखी फिरवायची आणि हाक द्यायची. त्याने स्वतः आत उडी मारायची नाही. तो पडला तर वर कुणी उरत नाही. आत जाऊनच काढायची वेळ आली तर पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडभर मास्क लावून, शिकलेल्या माणसाने जायचे, त्याच्या अंगालाही दोर बांधून.

आणि या सगळ्याची तालीम झाली पाहिजे. नाटकाची तालीम आपण महिनाभर करतो. इथे वर्षातून एकदा तरी पोत्यात वाळू भरून टाकीतून वर काढून पाहा. किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून बघा.

कायदा काय म्हणतो

हे कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमातच लिहिले होते, की वायूचा धोका असलेल्या टाकीत माणूस पाठवायचा तर जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, पट्टा बांधावा आणि त्या पट्ट्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. ताईला मी जो प्रश्न दिला तो माझा नव्हे, या कायद्याचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता लागू झाली. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी तिच्यातही आहे, आणि धोका दिसला तर तो मालकाच्या कानावर घालण्याचा कामगाराचा हक्कही आहे. कायद्याचे नाव बदलले. टाकीतला वायू तोच आहे.

गटार आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे. तो ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला. ती तारीख आपल्याला वेगळी सांगायला नको. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग उतरवणारी नगरपालिका असो, सोसायटी असो की ठेकेदार. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरी माणसे मरतात, कारण उतरणारा कोण हे आधीच ठरलेले असते. केंद्र सरकारने गटार व सेप्टिक टँकच्या कामगारांची नोंदणी केली, तिचे २०२४ मध्ये बाहेर आलेले आकडे सांगतात की नोंदलेल्या शंभरांतले जवळपास ६९ अनुसूचित जातींचे आहेत. गाव सोडले, शहरात आलो, गेटवर आडनावाऐवजी बिल्ला नंबर मिळाला. पण टाकीच्या झाकणापाशी जात पुन्हा विचारली जाते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाकडच्या कोळसा खाणींत गेले आणि खाली उतरून त्यांनी मजुरांची स्थिती डोळ्यांनी पाहिली. खाली उतरणाऱ्याचे कसे चालले आहे हे वर बसून कळत नाही, एवढे तरी आजच्या ठेकेदारांनी आणि साहेबांनी त्यातून शिकावे.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

भगिनींनो, हे पुढचे तुमच्यासाठी. डबा भरताना नाहीतर रात्री जेवताना, भांडणाच्या सुरात नाही, सहज विचारा.

आज कुठल्या टाकीत? परमिटवर सही कुणाची? हवा यंत्राने तपासली का, आकडा तुम्ही स्वतः पाहिला का? ब्लोअर आहे का? पट्टा कंबरेचा की अंगभर? वर कोण थांबणार, त्याचे नाव काय? तो शुद्धीत असतो का? काही झाले तर कोण, कशाने वर काढणार?

यांतल्या एकाही प्रश्नाला "बघू" असे उत्तर आले तर त्या दिवशी उतरू नये. एकट्याने नकार दिला तर ठेकेदार दुसरा माणूस आणतो; सगळ्या गँगने मिळून सांगितले तर त्याला ऐकावे लागते. कारखान्यातली तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. जुने कामगार त्याला फॅक्टरी इन्स्पेक्टरचे ऑफिस म्हणतात. गटार-सेप्टिक टँकबाबत १४४२० ही हेल्पलाइन आहे.

दुर्घटना घडलीच तर

आत उडी मारू नका. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करा, १०१ आणि १०८ ला फोन लावा, "टाकीत माणूस बेशुद्ध आहे, वायू आहे, हवेचे सिलिंडर घेऊन या" असे स्पष्ट सांगा. ब्लोअर चालू ठेवा. दोर असेल तर बाहेरूनच ओढा. वर आलेल्याला मोकळ्या हवेत आडवे करा. श्वास थांबला असेल तर येणाऱ्याने छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा.

जीव गेला तर दुःखातही काही गोष्टी विसरू नका. पोलिसांत गुन्हा नोंदवून त्याची प्रत घ्या, पोस्टमॉर्टेमचा अहवाल घ्या, हजेरीचा कागद, गेटपास, ठेकेदाराचे मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. चार पैसे हातावर ठेवून प्रकरण मिटवायला येणारे पहिल्याच रात्री येतात. ईएसआयसीचा विमा असेल तर आश्रितांना मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने पेन्शन मिळते. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख झाली. गोवंडीतल्या त्या तिघांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्यासाठी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश निघाला. त्या बायांनी हिंमत केली, म्हणून पुढच्या बायांना ती वाट मिळाली.

आता त्या ताईचे सांगतो. रविवारी ती आली, सोबत तिचा नवरा होता. मी काही विचारायच्या आत तोच खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, दोराचं दुसरं टोक आम्ही शिडीला बांधून ठेवतो. वर कुणी नसतं. सगळेच खाली असतो, काम लवकर उरकतं म्हणून."

आम्ही बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी गँगमधल्या पाचही जणांनी ठेकेदाराला एकत्र सांगितले. त्याने आधी शिव्या दिल्या, दोन दिवस काम दिले नाही. तिसऱ्या दिवशी भाड्याचा ब्लोअर आला. तिपाई आणि हार्नेस अजून आलेले नाहीत, म्हणून ते अजून उतरलेले नाहीत. वरून गाळ ओढण्याचे काम करतात आणि वरचे दोनशे रुपये बंद आहेत. घरात ओढाताण आहे. ताईने ते लपवले नाही. "या महिन्याचं भाडं थकलंय भाऊ," ती म्हणाली.

विहारातल्या काही जणांनी मिळून त्या भाड्याची सोय केली आहे. पण पाच घरांचे असे किती महिने करणार? हार्नेस आणि तिपाई आणणे ठेकेदाराचे आणि कारखान्याच्या मालकाचे काम आहे. त्यासाठीचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे, पाचही जणांच्या सह्यांचा. त्याचे पुढे काय होते ते पुढच्या एखाद्या सदरात कळवीन.

तोपर्यंत तुमच्या घरातले कुणी टाकीत, चेंबरमध्ये, विहिरीत उतरत असेल, तर आज रात्री त्यांना तो एक प्रश्न विचारा. आणि उत्तर काय आले ते या सदराच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा.